आफ्रिकन, एपिस्कोपल आणि १७९४ : फिलाडेल्फियातल्या या चर्चची गोष्ट कुणाला ठाऊक आहे का?

ओव्हरब्रुकची_मेघा

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक भागात राहायला आलो. लँकेस्टर अ‍ॅव्हेन्यूवर एक चर्च आहे, आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस. शेजारच्या बाई तिथे जातात. त्यांच्याकडून कळलं की इमारत इथली असली तरी मंडळी १७९४ पासूनची आहे आणि ती कृष्णवर्णीयांनी स्वतः उभी केलेली आहे. मी चकितच झाले. १७९४ म्हणजे वॉशिंग्टन अजून राष्ट्राध्यक्ष, आणि देशाची राजधानी याच गावात!

थोडं वाचलं तर आणखी गोंधळ झाला. हे लोक आधी मेथॉडिस्ट होते म्हणे. मेथॉडिस्ट तेव्हा गुलामगिरीविरुद्ध बोलत होते. एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची इथली शाखा, बड्या आणि श्रीमंत लोकांचं चर्च, त्यात गुलाम पाळणारेही भरपूर. मग गोऱ्या मेथॉडिस्टांनी वाईट वागवलं म्हणून बाहेर पडलेल्या लोकांनी नेमकं त्याच दारात का जावं? सरळ स्वतंत्र का नाही राहिले? आणि कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांनी शहराच्या मध्यवस्तीत जागा घेऊन इमारत बांधली, ते पैसे आले कुठून?

धर्मशास्त्रातलं मला काही कळत नाही, तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

---

खान्देशी_बाणा

हे रिचर्ड अ‍ॅलनचं चर्च ना? सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्या लोकांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं, ते सगळे उठून बाहेर पडले आणि त्यांनी आपलं चर्च काढलं. एवढीच गोष्ट आहे. अपमान झाला, वेगळे झाले.

---

जमाखर्च

खान्देशीराव, अ‍ॅलनचं चर्च वेगळं. ते मदर बेथेल, सिक्स्थ आणि लोम्बार्ड रस्त्यांच्या कोपऱ्यावर. मेघाताई विचारताहेत ते अ‍ॅब्सलम जोन्सचं. दोघे जिवाभावाचे मित्र, एकाच वर्षी दोघांची दोन चर्चं उघडली, म्हणून गल्लत होते.

आधी माझी ओळख. मी पुण्यात उभा जन्म सार्वजनिक ट्रस्टांचे हिशेब तपासण्यात घालवला. देवळं, मशिदी, चर्चं, तालमी, वाचनालयं, सगळ्यांच्या चोपड्या पाहिल्या. आता मुलाकडे नदीपलीकडे न्यू जर्सीत असतो आणि रिकामटेकडेपणाने इथल्या जुन्या संस्थांचे कागद वाचत बसतो. त्यामुळे माझं उत्तर भक्तिभावाचं नसेल. संस्था फुटली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो : जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

आधी माणूस. अ‍ॅब्सलम जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मला. लहानपणी कुणी चार पैसे हातावर ठेवले की खाऊ न घेता तो साठवायचा. त्यातून त्याने मुळाक्षरांचं पुस्तक घेतलं, मग बायबलचा नवा करार. सोळाव्या वर्षी मालकाने त्याची आई, पाच भाऊ आणि एक बहीण विकून टाकली आणि या एकट्याला फिलाडेल्फियाला आणलं. दुकानात काम, संध्याकाळी जमेल तेव्हा रात्रशाळा. १७७० साली लग्न झालं, बायको दुसऱ्या मालकाची गुलाम. आता हिशेबी डोकं बघा. जोन्सने आधी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं नाही, बायकोचं घेतलं. कारण कायद्याने मूल आईच्या मागे जायचं. आई स्वतंत्र तर मुलं जन्मतः स्वतंत्र. वर्गणी मागितली, कर्ज काढलं आणि दोघांनी मध्यरात्रीपर्यंत राबून ते फेडलं. मग स्वतःची पाळी. मालक वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला आणि शेवटी १७८४ साली त्याने सोडलं. त्यानंतरही जोन्स त्याच मालकाच्या दुकानात कामाला होता, आता पगारावर. या स्वभावाचा माणूस आहे हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा माणूस अ‍ॅलन. चौदा वर्षांनी लहान, त्यानेही पैसे भरून सुटका करून घेतलेली. पट्टीचा वक्ता. १७८६ मध्ये सेंट जॉर्ज मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्याला पहाटे पाचच्या उपासनेत बोलायला दिलं. काळ्या लोकांची गर्दी वाढली ती त्याच्यामुळे.

१२ एप्रिल १७८७ ला या दोघांनी आणखी काही जणांसोबत 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. हे चर्च नव्हतं, ही साहाय्यक मंडळी. महिन्याला चांदीचा एक शिलिंग वर्गणी. वर्षभर वर्गणी भरली की अडलेल्या सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स. अट अशी की अडचण त्याच्या स्वतःच्या उधळेपणातून आलेली नसावी. दारुड्याला प्रवेश नाही. विधवेची सोय, पोरक्या मुलाला कारागिराकडे कामाला लावणं, हे सगळं नियमांत. १७९० मध्ये त्यांनी शिल्लक बँकेत ठेवली, बेचाळीस पौंडांहून थोडी जास्त. आपल्याकडच्या कितीतरी नोंदणीकृत संस्थांची घटना मी वाचली आहे, इतकी नेटकी क्वचितच.

या सोसायटीवर क्वेकर या मौन बसून उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा प्रभाव होता, सभेच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं शांत बसायचं असा नियमच झाला. अ‍ॅलनला ते सोसेना. तो गाणं, आवेश, रडणं यांतला माणूस. तो येईनासा झाला आणि १७८९ मध्ये सोसायटीने त्याचं नाव काढून टाकलं. मैत्री मात्र तुटली नाही.

आता सेंट जॉर्जची घटना. चर्चमध्ये गर्दी झाली म्हणून नवे सज्जे बांधले. त्या कामाला आणि नव्या फरशीला काळ्या सभासदांनी भरघोस वर्गणी दिली होती. एका रविवारी दाराशीच सांगण्यात आलं की वर सज्ज्यात जा. हे गेले आणि पूर्वी खाली ज्या बाजूला बसत त्याच्या बरोबर वरच्या बाजूला बसले. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यांवर. एवढ्यात एक विश्वस्त येऊन जोन्सला धरून ओढायला लागला, इथे गुडघे टेकायचे नाहीत, ऊठ. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा, मग मी उठतो आणि तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही. तो काही थांबला नाही, त्याने दुसऱ्या विश्वस्ताला बोलावलं. तेवढ्यात प्रार्थना संपली आणि सगळे जण एकगठ्ठा बाहेर पडले. हे अ‍ॅलनने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

अ‍ॅलनच्या आठवणींप्रमाणे हे १७८७ चं. पण चर्चच्या बांधकामाच्या नोंदींत सज्ज्याचं काम १७९२ च्या सुमारास दिसतं, म्हणून आज बरेच संशोधक घटना तेव्हाची धरतात. आणि स्वतंत्र 'आफ्रिकन चर्च'चा आराखडा तर १७९१ मध्येच तयार होता. डॉक्टर बेंजामिन रश, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, त्यांनी तो लिहून द्यायला मदत केली होती. म्हणजे खान्देशीराव, अपमान झाला हे खरंच, पण हे लोक रागाच्या भरात उठून चर्च बांधायला गेले नाहीत. जागा शोधणं आधीच चालू होतं.

पैशांचं विचारलंत. वर्गणीची वही घेऊन जोन्स आणि अ‍ॅलन दारोदार फिरले. पहिल्याच दिवशी ३६० डॉलर जमले, एवढे पुन्हा कुठल्या दिवशी जमले नाहीत असं अ‍ॅलन लिहितो. मेथॉडिस्टांच्या वरिष्ठ पाळकाने दम भरला की वही बंद करा, नाहीतर सभासदत्वावरून काढू. गंमत म्हणजे एपिस्कोपल बिशप विल्यम व्हाइटही सुरुवातीला नाखूषच होते, या लोकांना गर्व झालाय असं त्यांचं मत. नंतर ते वळले. जॉन निकल्सन नावाच्या धनिकाने कर्ज दिलं. पुढे १७९३ च्या उन्हाळ्यात आजच्या हैतीतून पळून आलेले गोरे मळेवाले शहरात उतरले, गावाची दया तिकडे वळली आणि चर्चची वर्गणी आटली. गुलामांच्या बंडातून पळालेल्या मालकांसाठी हजारो डॉलर काही दिवसांत उभे राहिले. काय बोलायचं?

तरी ऑगस्टमध्ये छप्पर चढलं. त्या निमित्ताने गावाबाहेर झाडांखाली पंगत झाली. आधी शंभरेक गोरे बसले, बहुतेक सुतार आणि बांधकामवाले, वाढायला काळे लोक. ते उठल्यावर त्याच टेबलाशी पन्नासेक काळे लोक बसले आणि वाढायला गोरे. रशनी २२ ऑगस्टच्या पत्रात हे बायकोला कळवलं आहे.

आणि त्याच आठवड्यात गावात पीतज्वर फोफावला. तो भाग मोठा आहे, जेवून लिहितो.

---

सिद्धेश_डब्लिन

काका, थांबू नका, वाचतोय! डब्लिनमध्ये पाऊस आहे आणि मला काही काम नाही.

---

जमाखर्च

लिहितो.

पन्नास हजारांच्या गावात तीन महिन्यांत सुमारे पाच हजार माणसं मेली. ज्याला शक्य होतं तो पळाला. रशची समजूत होती की काळ्या लोकांना हा ताप होत नाही. ती साफ चुकीची. पण तिच्या भरवशावर त्यांनी जोन्स-अ‍ॅलनना विनंती केली आणि हे दोघे कामाला लागले : रोग्यांची शुश्रूषा, रशच्या सांगण्यावरून रक्त काढणं, प्रेतं उचलणं, पुरणं. प्रत्यक्षात काय झालं? १७९२ मध्ये शहरात ६७ काळ्या माणसांची दफनं झाली होती, १७९३ मध्ये ३०५.

साथ ओसरल्यावर मॅथ्यू कॅरी नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका काढली. तीत म्हटलं की काळ्यांपैकी हलक्या लोकांनी रोग्यांना लुबाडलं, एका रात्रीचे दोन ते पाच डॉलर उकळले. जोन्स आणि अ‍ॅलनचं त्याने कौतुक केलं, पण बाकीच्यांवर चिखल उडाला तो उडाला. कॅरी स्वतः साथीत काही काळ गाव सोडून गेला होता. जानेवारी १७९४ मध्ये दोघांनी उत्तरादाखल स्वतःची पुस्तिका छापली. दर का चढले? तर घाबरलेले गोरेच एकमेकांवर बोली चढवत होते, आम्ही मागितले नाहीत. आणि कॅरीने पुस्तिका विकून जितके कमावले तितके सगळ्यांत जास्त उकळणाऱ्या डझनभर काळ्या शुश्रूषकांनी मिळूनही कमावले नसतील, असा टोलाही त्यात आहे.

त्या पुस्तिकेत शेवटी जमाखर्च दिला आहे. माझ्यासारख्याला तो कवितेपेक्षा आवडतो. प्रेतं पुरणं आणि दूषित गाद्या पुरणं यांपोटी जमा : २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. खर्च : स्वतःच्या पदरच्या शवपेट्या ३३ पौंड. पाच माणसांची मजुरी, तिघे ७० दिवस आणि दोघे ६३ दिवस, रोज साडेबावीस शिलिंगप्रमाणे, ३७८ पौंड. मी गुणाकार करून पाहिला, बरोबर येतो. एकूण खर्च ४११ पौंड. तूट १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स, शिलिंग-पेन्ससकट जुळते. शिवाय ११० पौंड येणं, 'यातलं फारसं हाती लागेल असं वाटत नाही' या अर्थाच्या शेऱ्यासह. लुबाडलं म्हणणाऱ्याच्या तोंडावर आकडे ठेवले. शहराचे महापौर मॅथ्यू क्लार्कसन यांचं प्रशस्तिपत्रही जोडलं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. कुठल्या पंथात जायचं यावर या लोकांनी चक्क मतं घेतली. मेथॉडिस्ट राहावं असं म्हणणारे किती? दोन. जोन्स आणि अ‍ॅलन! बाकी मोठं बहुमत इंग्लिश परंपरेच्या चर्चच्या बाजूने. पाळक व्हायची विनंती आधी अ‍ॅलनला झाली. तो म्हणाला, मी मेथॉडिस्टच राहणार, आणि वेगळा झाला. मग जोन्सला विचारलं. त्याचं स्वतःचं मत हरलं होतं, पण मंडळीचा निर्णय म्हणून त्याने मान्य केलं.

बहुमत तिकडे का? एक तर जुना संबंध. शहरातल्या अँग्लिकन चर्चमध्ये काळ्या लोकांचे बाप्तिस्मे आणि लग्नं कित्येक वर्षं होत होती आणि १७५८ पासून त्यांच्या मुलांसाठी अँग्लिकनांनी चालवलेली शाळाही होती. दुसरं म्हणजे मेथॉडिस्टांचा राग ताजा होता. तिसरं कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं. मेथॉडिस्टांमध्ये पाळक कोण हे वरून ठरायचं आणि चर्चच्या वास्तूवर कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या वरच्या सभेचा, हात असायचा. एपिस्कोपल चर्च तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी संबंध तोडून १७८९ मध्ये याच गावात त्याची घटना बनली, आणि तिच्यात बिशप व्हाइटनी सामान्य सभासदांना, म्हणजे स्थानिक पंचांना, बराच अधिकार ठेवला होता. तेव्हा ताई, 'इंग्रजांचं चर्च' हे १७९४ मध्ये अर्धंच खरं होतं.

१७ जुलै १७९४ ला फिफ्थ स्ट्रीटवर, वॉलनटच्या दक्षिणेला, चर्च उघडलं. प्रवचन एका गोऱ्या पाळकाचं, सॅम्युएल मॅगॉ यांचं. सूर असा की उपकारकर्त्यांचे आभार माना आणि गर्व करू नका. महिनाभराच्या आत, १२ ऑगस्टला, मंडळीने आपलं निवेदन काढलं. आम्ही धुळीतून उठतो आहोत आणि गुलामीने अंगात भिनवलेली भीती झटकतो आहोत, असा त्याचा भाव. भाषा नम्र, पण मॅगॉसाहेबांना उत्तर मिळालं.

मग बिशपांसमोर तीन अटी ठेवल्या. आम्हाला संघटित मंडळी म्हणून घ्या, एकेकटे सभासद म्हणून नको. आमचा कारभार कायम आमच्याच हाती राहील. आणि अ‍ॅब्सलम जोन्सला आत्ता उपासना वाचायचा परवाना द्या, लायक ठरला की दीक्षा द्या. तिन्ही मान्य. शिवाय घटनेत लिहून ठेवलं की पाळक आणि त्याचा मदतनीस सोडून कुठल्याही पदावर आफ्रिकन वंशाचाच माणूस निवडला जाईल आणि निवडणारेही तेच. चाळीस वर्षांत मी घटना बऱ्याच वाचल्या, पण जी बाजू दुबळी आहे तिने आत जाण्याआधीच कारभाराचं कलम पक्कं करून घेतल्याचं विरळा.

वर्षभरात सभासद चारशेवर गेले. चर्चच्या नावाने बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी साहाय्यक मंडळं निघाली. जहाजांच्या शिडांचा मोठा कारखाना चालवणारा जेम्स फोर्टन हाही याच मंडळीतला, पुढे गावातल्या धनवान माणसांत गणला गेलेला.

---

नदीकाठचा_संशयी

काका, छान लिहिलंय, पण फार गुळगुळीत वाटतंय. बिशपने सगळं मान्य केलं आणि सुखाने नांदले? मी वाचल्याप्रमाणे या चर्चला प्रांताच्या अधिवेशनात बसायचाच अधिकार नव्हता. मग 'कारभार आमच्या हाती' याला काय अर्थ? घरात घेतलं आणि ओसरीवर बसवलं.

---

जमाखर्च

बरोबर, तेच लिहायचं राहिलं होतं.

दीक्षेसाठी लॅटिन आणि ग्रीक यायला हवं असा नियम. जोन्स रात्रशाळेत शिकलेला, त्याला कुठून येणार? १७९५ च्या अधिवेशनाने ती अट माफ केली. त्या बदल्यात ठराव असा की या चर्चने अधिवेशनात पाळक किंवा प्रतिनिधी पाठवायचे नाहीत आणि चर्चच्या सर्वसाधारण कारभारात पडायचं नाही. कारण काय, तर त्यांची 'सध्याची विशिष्ट परिस्थिती'. ठरावांतला 'सध्या' हा शब्द दिसला की मी लाल पेन्सिल काढतो. हे 'सध्या' यादवी युद्धाच्या काळापर्यंत चाललं, सुमारे सत्तर वर्षं!

जोन्स १७९५ मध्ये डीकन झाला आणि पुढे पूर्ण पाळक, एपिस्कोपल चर्चमधला पहिला कृष्णवर्णीय. ओसरी म्हणालात ते मान्य. पण दुसऱ्या बाजूला काय झालं तेही बघा. अ‍ॅलन मेथॉडिस्ट राहिला. सिक्स्थ स्ट्रीटच्या स्वतःच्या जागेवर एक जुनी लोहारशाळा ओढून आणून त्याने बेथेल चर्च उभं केलं, २९ जुलै १७९४ ला ते उघडलं. म्हणजे सेंट थॉमसनंतर बाराच दिवसांनी. पण कागदपत्रं करताना मेथॉडिस्ट कॉन्फरन्सला हक्क लिहून दिला गेला. त्यानंतर वीस वर्षं भांडण. व्यासपीठावर कोण चढणार यावरून झटापटी, आणि शेवटी इमारतच लिलावात निघाली. स्वतः बांधलेलं चर्च अ‍ॅलनला दहा हजार डॉलरहून जास्त बोली लावून परत घ्यावं लागलं. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे सुटका झाली. मग अ‍ॅलनने आपला वेगळा आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल पंथच काढला.

जोन्सच्या मंडळीने वरच्या सभेतली खुर्ची गमावली आणि घराची किल्ली राखली. अ‍ॅलनच्या मंडळीने किल्लीसाठी वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण शेवटी सगळं घरच वेगळं केलं. कोणता सौदा बरा यावर तुमचं-माझं एकमत व्हायला नको. मला विचाराल तर १७९४ मध्ये, हातात बाकी काही नसताना, मीही जोन्सच्याच बाजूने सही केली असती. आजचा काळ असता तर नसती केली.

आणि अधिवेशनात तोंड बंद केलं म्हणून हे लोक गप्प बसले असंही नाही. १७९९ च्या शेवटी जोन्स आणि सत्तरेक जणांनी थेट काँग्रेसकडे अर्ज केला. पळून आलेल्या गुलामांना पकडायच्या १७९३ च्या कायद्याखाली स्वतंत्र काळ्या माणसांनाही उचलून नेतात, हे थांबवा, आणि गुलामगिरी हळूहळू मोडायचा विचार करा. सभागृहाने ८५ विरुद्ध १ मतांनी त्या मागण्यांना उत्तेजन द्यायचं नाही असं ठरवलं. तो एक म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज थॅचर. १ जानेवारी १८०८ ला गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, त्या दिवशी सेंट थॉमसमध्ये जोन्सने प्रवचन केलं. विषय बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातला : मी माझ्या लोकांची विपत्ती पाहिली आहे. दर वर्षी १ जानेवारी हा उपकारस्मरणाचा दिवस पाळा असं त्याने सांगितलं.

---

शरणपूर_रोड

मी नाशिकची, घरात अँग्लिकन परंपरा, म्हणून थोडं अवांतर. काकांची परवानगी गृहीत धरते.

आफ्रिकन आणि अँग्लिकन हे जोडनाव आमच्या गावातही आहे. शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली. ब्रिटिश आरमार अरबी गलबतांवरून गुलाम सोडवायचं, त्यांतली मुलं मुंबईत उतरवली जायची आणि पुष्कळांना शरणपूरला पाठवायचे. तिथे शाळा, लोहारकाम, सुतारकाम. लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत असलेला आणि नंतर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनाला हजर राहिलेला जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. १८७४-७५ च्या सुमारास यांतले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेले. ते नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. तिथे १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननी शरणपूरला वाढलेल्या दोघांना डीकनची दीक्षा दिली, त्यांतला एक विल्यम जोन्स. तिथेही जोन्सच!

फरक एवढाच की आमच्याकडे सगळं मिशनने ठरवलं. वस्ती त्यांची, जमीन त्यांची, कुणी कुठे जायचं तेही तेच सांगणार. फिलाडेल्फियाच्या लोकांनी आधी अटी घातल्या, हे काकांनी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

बाकी नदीकाठचे संशयी, डीकनची दीक्षा ही आमच्याकडे पहिली पायरी असते, त्यानंतर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. जोन्सला डीकनपदावर बरीच वर्षं ठेवलं होतं, हेही जमेला धरा.

---

नदीकाठचा_संशयी

धरलं. आणि काका, किल्ली-खुर्चीचा हिशेब पटला, पण अर्धाच. सत्तर वर्षं खुर्ची नाही म्हणजे तीन पिढ्या. त्या पिढ्यांना विचारायला हवं होतं.

---

ओव्हरब्रुकची_मेघा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. शेजारच्या बाईंना पंगतीची गोष्ट सांगितली तर त्यांना ती पाठच होती, उलट त्यांनीच मला फोर्टनबद्दल आणखी सांगितलं. काका, दोन शंका. पुढे जोन्स आणि अ‍ॅलनचं पटलं का? आणि जुन्या जागा बघायच्या तर आता काय शिल्लक आहे?

---

जमाखर्च

पटलं. पंथ वेगळे झाले तरी साथीत, अर्जांत, १८१४ मध्ये ब्रिटिश चालून येतील म्हणून शहराभोवती मोर्चेबांधणी करायला माणसं जमवताना, दोघे बरोबरच दिसतात. १८१६ मध्ये अ‍ॅलनला बिशपपदाची दीक्षा दिली तेव्हा डोक्यावर हात ठेवणाऱ्यांत एपिस्कोपल जोन्सही होता. नियमात बसत होतं का, हे शरणपूरताईंनी सांगावं, मी त्यात पडत नाही. जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ ला गेला. ती तारीख आता एपिस्कोपल पंचांगात त्याच्या नावाने आहे.

बघायला म्हणाल तर फिफ्थ स्ट्रीटची मूळ इमारत नाही. मंडळीने मधल्या काळात बऱ्याच जागा बदलल्या आणि शेवटी तुमच्या भागात आली. जोन्सच्या अस्थी १९९१ पासून चर्चच्या वेदीत आहेत, त्यामुळे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुमच्या घराजवळच आहे. सेंट जॉर्ज फोर्थ स्ट्रीटवर अजून उभं आहे. मदर बेथेलची आत्ताची इमारत नंतरची, पण जागा तीच, तळघरात अ‍ॅलनची समाधी आणि छोटं संग्रहालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

गाडी नेऊ नका, इंडिपेन्डन्स हॉलच्या आसपास पार्किंगला हात पोळतात. ओव्हरब्रुकहून लोकलने जेफरसन स्टेशनला उतरा आणि चालत जा. आधी सेंट जॉर्ज करा, मग फिफ्थ स्ट्रीटने खाली वॉलनट ओलांडा, तिथून लोम्बार्ड दहा मिनिटांवर.